रिकाम्या स्लॉटचा परिग्रह

लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं की बॅटरीच्या शेजारी कधी कधी एक मोकळी जागा दिसते. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. एका टोकाला पट्टी खोचायची खाच, दुसऱ्या टोकाला एक बारीकसा स्क्रू. हा एसएसडीची पट्टी बसवायचा एम-डॉट-टू स्लॉट. कंपनीने तो ठेवलेला असतो पण भरलेला नसतो, आणि बऱ्याच मालकांना तो आहे याचा पत्ताच नसतो. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या बाजारात ‘डिस्क फुल दाखवते’ अशी तक्रार घेऊन कुणी लॅपटॉप आणला, की दुरुस्तीवाला झाकण उघडतो, आत डोकावतो आणि म्हणतो, “भाऊ, यात अजून एक बसते. टाकून देऊ का?”

काम फार नाही. आधी बघायचं ते स्लॉट कोणत्या जातीचा आहे. एनव्हीएमईची पट्टी आणि साटाची पट्टी दिसायला जवळपास सारखी. पण नुसत्या एनव्हीएमईसाठी असलेल्या स्लॉटला साटाची पट्टी कळत नाही, तिथे पैसे वाया. मग बॅटरीची जोडणी सोडवायची, पट्टी तिरपी सरकवायची, हलकेच दाबून आडवी करायची, स्क्रू लावायचा. विंडोज सुरू झालं की डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला इनिशियलाइज करायचं आणि एक अक्षर द्यायचं. एक टीबीची पट्टी ९३१ जीबी दिसते, आणि ‘बाकीचे कुठे गेले?’ हा गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न. कुठेच गेलेले नसतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

खरी गंमत त्यानंतर होते: काहीच पुसलं जात नाही. कालपर्यंत ‘डिस्क फुल’ हा निरोप माणसाला जबरदस्तीने खाली बसवत होता. बहिणीच्या लग्नाचे तीन कॅमेऱ्यांतले व्हिडिओ, सातबाऱ्याचे स्कॅन, पीकविम्यासाठी काढलेले आडव्या पडलेल्या सोयाबीनचे फोटो, एमपीएससीच्या पीडीएफ, कुणीतरी पेनड्राइव्हवरून दिलेले चाळीस सिनेमे. यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं? ही निवड कटकटीची होती, पण ती निवड होती. नव्या पट्टीने ती दोन-चार वर्षं पुढे ढकलली. आता हे शहाणपण म्हणायचं की हाव? प्रश्न संगणकाचा वाटतो, पण तो बराच जुना आहे आणि वाशिम जिल्ह्यात तो अगदी घरचा आहे.

रिसोडला लागून असलेल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. ज्याने सगळं सोडलं त्या तीर्थंकराच्या मूर्तीवर ताबा कुणाचा, या श्वेतांबर-दिगंबर वादात ते मंदिर १९८१ पासून बंद राहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्ये उघडलं. अपरिग्रह हे जैनांचं पाचवं व्रत. पाचही व्रतांत पाळायला सगळ्यांत अवघड तेच असावं, असं या बेचाळीस वर्षांकडे बघून वाटतं.

साधूसाठी व्रत सरळ आहे: काहीच बाळगायचं नाही. गृहस्थाला ते झेपणार नाही हे आचार्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण आहे. शेत किती, घरं किती, सोनं-चांदी किती, धान्य किती, भांडीकुंडी किती, हे त्याने स्वतःच आधी ठरवायचं आणि त्यापुढे जायचं नाही. आकडा कितीही असो, तो मिळकत वाढण्यापूर्वी ठरलेला हवा. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता आसक्तीवरून केली, ही गोष्ट जैन विचारात मोठी मानली जाते. पण व्यवहारात नुसत्या आसक्तीच्या व्याख्येला पळवाट फार. ‘माझा त्यात जीव नाही, नुसतं पडलंय’ हे तर प्रत्येक साठेबाज म्हणतो. गृहस्थाच्या हातात आकडाही दिला, यात आचार्यांची माणसाची पारख दिसते.

साठवणुकीचा प्रश्न या परंपरेत सर्वांत तीव्र झाला तो पोथीवरून. आज आश्चर्य वाटेल, पण जुन्या काळी जैन साधूने पोथी बाळगणं हाच दोष होता. एक तर तो परिग्रह. शिवाय पानांच्या फटीत बारीक जीव अडकतात, पोथी बांधता-सोडताना मरतात. श्वेतांबरांच्या भाष्यग्रंथांत पोथ्यांचे पाच प्रकार सांगून त्यांचा निषेध केला आहे. जितक्या वेळा पोथी उघडावी-बांधावी आणि जितकी अक्षरं लिहावीत, तितकं प्रायश्चित्त. शास्त्र राहायचं ते मुखोद्गत. मग स्मृती ढासळू लागली, दुष्काळांत पाठ करणारे साधू गेले, आणि त्याच भाष्यकारांना सवलत द्यावी लागली: ज्ञान टिकवण्यासाठी पोथी चालेल.

एसएसडीच्या वेष्टनावरही असाच हिशेब छापलेला असतो हे कुणी फारसं वाचत नाही. फ्लॅश पेशीवर लिहिलं की ती झिजते. एक टीबीच्या साध्या पट्टीला साधारण ६०० टीबी लिखाणाची हमी मिळते, पुढे कंपनीची जबाबदारी नाही. तिथे मोजले जातात जीव, इथे पेशींची झीज. पण लिहिणं फुकट नसतं हे दोन्हीकडे मान्य आहे.

दिगंबर परंपरेत ही सवलत कशी मिळाली त्याची एक कथा सांगतात. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेन आचार्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला जे येतं ते आपल्याबरोबर जाणार. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन साधूंना बोलावून ते शिकवलं, आणि त्या दोघांनी ते षट्खंडागम या ग्रंथात बांधलं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला तो ग्रंथ पुरा झाला असं मानतात. ती श्रुतपंचमी. डोक्यात असलेलं डोक्याबाहेर ठेवलं, याचा सण करणारा समाज जगात विरळाच.

इ.स. ८१६ मध्ये वीरसेनांनी या ग्रंथावर ‘धवला’ टीका पूर्ण केली. तिचं माप ७२ हजार श्लोक सांगतात. श्लोकाची ३२ अक्षरं धरली तर तेवीस लाख अक्षरं. युनिकोडमध्ये टंकित केली तर वीस एमबीच्या आसपास. लग्नाच्या व्हिडिओचं एक मिनिट याहून मोठं असतं. रिसोडच्या दुकानात बसवलेल्या त्या एका पट्टीत धवला पन्नास हजार वेळा मावेल.

आणि ही धवला शतकानुशतकं प्रत्यक्ष होती कुठे? कर्नाटकात मूडबिद्रीला, ताडपत्रांवर. यात्रेकरूंना तिचं दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची नक्कल करायला परवानगी मिळाली, तीही प्रत बाहेर न नेण्याच्या बोलीवर. नकलेचं काम वर्षानुवर्षं चाललं. त्या कामावरच्या गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने घरी गुपचूप आणखी एक प्रत कानडी लिपीत उतरवली. ती सहारनपूरला पोचली. तिथे तिची देवनागरी नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही तेच केलं: एक आपल्याजवळ ठेवली, आणि तिच्यावरून झालेल्या प्रती गावोगाव गेल्या. त्यातली एक आली वाशिम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कारंज्याला.

कारंजा लाड हे नाव आज बहुतेकांना दत्तसंप्रदायामुळे माहीत असतं. पण शतकानुशतकं ते दिगंबर भट्टारकांचं, म्हणजे मठाधिपतींचं, पीठ होतं. बलात्कारगण आणि सेनगण या त्यांच्या दोन शाखांच्या मंदिरांतले शास्त्रभांडार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या नजरेस आले तेव्हा अपभ्रंश भाषेतलं बरंच वाङ्मय उजेडात आलं. १९१८ मध्ये तिथे महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. धवलेची प्रत याच आश्रमाकडे होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी संपादन हाती घेतलं तेव्हा अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती ताडून पाठ ठरवला. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला, पुढच्या वीसेक वर्षांत सोळा खंड झाले. छपाई सुरू झाल्यावर मूडबिद्रीच्या मंडळींचाही विरोध निवळला आणि पुढच्या खंडांसाठी मूळ ताडपत्रांशी मिळवणी करता आली.

आता यात परिग्रही कोण? शब्दावर बोट ठेवायचं तर गजपती उपाध्यायांनी दिलेली बोली मोडली, म्हणजे अचौर्याला धक्का लावला. भट्टारकांचं तर विचारूच नका. दिगंबर म्हणवून वस्त्रं नेसणारे, पालखीत बसणारे, मठाची इस्टेट सांभाळणारे म्हणून त्यांच्यावर सुधारकांनी सडकून टीका केली, आणि ती खोटी नव्हती. पण पोथ्या वाळवीपासून वाचल्या त्याही याच इस्टेटवाल्यांमुळे. निष्कांचन मुनी चातुर्मास संपला की पुढच्या गावी निघून जाणार, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणार कोण? उलट मूडबिद्रीच्या विश्वस्तांनी काही लाटलं नव्हतं, विकलं नव्हतं. त्यांनी फक्त राखलं. तरीही ‘हे आमचं आहे, कुणी हात लावू नये’ या भावनेची मात्रा तिथेच जास्त होती, असं म्हणावं लागतं. उमास्वातींची कसोटी लावली तर ढीग किती मोठा हा प्रश्न मागे पडतो. तो उघडला जातो का, कुणाला दिला जातो का, हे पुढे येतं.

या कसोटीवर घरातले बहुतेक लॅपटॉप नापास होतील. आजीच्या आवाजातल्या ओव्यांची एकुलती एक फाइल त्या चाळीस सिनेमांच्या खाली पुरलेली असते, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नसते. जास्तीची जागा मिळाली म्हणून दुसरी प्रत होते असं नाही. जास्तीच्या जागेत जास्तीचे सिनेमे येतात.

शिवाय एसएसडी ही पोथीइतकी सोशिकही नाही. ताडपत्र शेकडो वर्षं पडून राहू शकतं. फ्लॅश पेशीत माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेचं मानक असं, की घरगुती वापराची एसएसडी लिखाणाची मर्यादा संपल्यावर वीज न देता ३० अंश तापमानात ठेवली, तर तिने निदान एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी पट्टी यापेक्षा बरीच जास्त टिकते हे खरं. पण उष्णतेने झिरपणं वाढतं, आणि वऱ्हाडात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं कपाट ३० अंशांवर थांबत नाही. म्हणून जाणकार सांगतात, एसएसडीवर काही जपायचं असेल तर ती कपाटात टाकून विसरू नका. मधूनमधून जोडा, फाइली उघडून बघा, दुसरीकडे उतरवा.

श्रुतपंचमीला जैन मंदिरांत नेमकं हेच होतं. वर्षातून एकदा भांडार उघडतात, पोथ्या बाहेर काढतात, झटकतात, नव्या वेष्टनात बांधतात, पूजा करतात. ज्या धर्माने पोथी उघडण्याबद्दल प्रायश्चित्त सांगितलं होतं त्यानेच पुढे ती उघडण्याचा दिवस नेमून दिला. कोणत्याही धर्माच्या घराला हा नेम उचलता येईल: ज्येष्ठात एक दुपार, जुन्या पट्ट्या जोडून काय आहे ते बघायचं. त्या दुपारी पुसणंही आपोआप होईल, कारण उघडून बघितल्याशिवाय टाकायचं काय ते कळत नाही.

राहिला आकड्याचा प्रश्न. परिग्रह-परिमाणाचे अतिचार, म्हणजे त्या व्रताला लागणारे दोष, सांगताना जैन आचार्यांनी माणसाच्या लबाडीची मोठी रसाळ यादी दिली आहे. एकाने व्रत घेतलं, ‘मी एकच शेत ठेवीन.’ पुढे शेजारचं शेत विकायला निघालं. त्याने ते घेतलं, मधला बांध मोडला आणि म्हणाला, शेत अजून एकच आहे. घराचंही तसंच: दोन घरांमधली भिंत पाडली की घर एक. आकडा पाळला, व्रत गेलं. आचार्य याला दोषच मानतात.

विंडोजमध्येही बांध मोडायची सोय आहे. तिला स्पॅन्ड व्हॉल्यूम म्हणतात. दोन वेगळ्या डिस्क जोडून एकच मोठा ड्राइव्ह दाखवायचा. सिस्टीमच्या सी ड्राइव्हला हे करता येत नाही, बाकीच्यांना येतं. गिऱ्हाइकांना ते आवडतं, कारण ‘कुठे ठेवू’ हा विचार संपतो. पण जोडलेल्यांपैकी एक पट्टी गेली की सगळा व्हॉल्यूम जातो, दुसरी पट्टी धडधाकट असली तरी. म्हणून शहाणा दुरुस्तीवाला बांध मोडत नाही. तो नव्या पट्टीला वेगळं अक्षर देतो, स्क्रू आवळतो, झाकण लावतो आणि विचारतो, “यात काय काय ठेवायचं, ते ठरवलं का?”