लहान हातांचे दान

आजीचा वाढदिवस किंवा दिवाळी जवळ आली, की आपण घरातल्या लहान मुलाकडून तिच्यासाठी हौसेने काहीतरी करून घेतो. शुभेच्छापत्र, रंगवलेली पणती, लोकरीचा गोंडा. काम अर्ध्यावर येते आणि आपला हात पुढे जातो. रंग रेषेबाहेर गेला, म्हणून आपण पुसतो. गोंडा सैल झाला, म्हणून सोडवून पुन्हा बांधतो. वस्तू सुबक होते. मग ही भेट नेमकी कोणाची?

प्रश्न छोटा वाटेल. पण देणे म्हणजे काय, हे मूल त्याच क्षणी शिकत असते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे, या भावाने योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिले ते राजस. अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, मान न राखता दिले ते तामस. आता आपण आपल्या मनाकडे पाहू. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो जावा, "मुलाला छान वळण लावलंय" असे कोणी म्हणावे, ही इच्छा मनात असेल, तर मुलाच्या नावाने आपण स्वतःसाठीच काही मागत आहोत. हात मुलाचे, फळ आपले.

भागवताच्या दशम स्कंधातली सुदाम्याची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. त्याच्या पत्नीने शेजारपाजारून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून सुदाम्याला ती पुरचुंडी पुढे करण्याची लाज वाटली. श्रीकृष्णांनी ती स्वतःच ओढून घेतली. या कथेत पोह्यांना काही कमी नव्हते. आड आली ती लाज, आणि लाज येते तुलनेतून.

तीन-चार वर्षांच्या मुलाकडे ही लाज नसते. वेडेवाकडे चित्र ते दोन्ही हातांनी पुढे करते. "असं कसं आजीला द्यायचं?" हे वाक्य त्याला आपण ऐकवतो. त्या एका वाक्याने सुदाम्याची लाज आपण त्याच्या मनात पेरतो. पुढे तेच मूल मोठे झाल्यावर "माझ्याकडे देण्यासारखं काही नाही" म्हणू लागते, तेव्हा आपल्याला नवल वाटते.

मग कसेही केले तरी चालेल का? "भाव महत्त्वाचा" असे म्हणून निष्काळजीपणाला सूट द्यायची का? नाही. भाव दिसतो तो लक्ष देण्यात. मुलाच्या कुवतीइतके लक्ष त्याने दिले, की त्याचे दान पूर्ण झाले. त्याच्या कुवतीपलीकडची सफाई ही आपली हौस आहे.

यासाठी एक साधे काम सुचवावेसे वाटते. आजी रोज देवापुढे दिवा लावत असेल, तर मुलासोबत तिच्यासाठी वाती वळा. सरकी काढलेला स्वच्छ कापूस घ्या, बोटांना दुधाचा किंचित ओलावा लावा आणि कापूस तळहातांत वळू द्या. एकदा करून दाखवा, मग आपले हात मांडीवर ठेवा. काही वाती जाड होतील, काही सुटतील. अशी एक वात लावून पाहा. दिवा मात्र मोठ्यांनीच लावावा. सैल वात नीट जळत नाही, हे मुलाला आपल्या रागावण्याशिवाय कळेल. पुढची वात ते आपणहून नीट वळेल. दहा-दहाच्या जुड्या करा. दहा जुड्या आणि वर आठ, म्हणजे माळेतल्या मण्यांइतक्या एकशे आठ वाती होतील. एका बैठकीत संपवण्याची घाई नको. रोज दहा झाल्या, तरी रोज थोडा वेळ आजीची आठवण होईल.

ही भेट कपाटात राहत नाही. ती जळून जाते आणि उजेड देते. अपेक्षेशिवाय देणे मुलाला शब्दांत सांगण्याची मग गरज उरत नाही.

प्रत्येक आजी पूजा करणारी असेल असे नाही. कोणाला बागेची आवड, कोणाला वाचनाची. म्हणून आधी मुलालाच फोनवर विचारू द्या, "आजी, तू सकाळी उठून काय काय करतेस?" आजी इंदूरला असो, बेळगावला असो की परदेशी, या प्रश्नाने तिच्या दिवसात कोणीतरी डोकावते. भेटीची खरी सुरुवात तिथे होते. आणि जाणे शक्य असेल, तर ती वस्तू पार्सलने पाठवू नका. मुलाला घेऊन जा.

तुम्ही स्वतः आजी असाल, तर एक विनंती. नातवंडाने केलेली वस्तू जपून ठेवू नका, वापरा. वाकडी वात त्याच्यासमोर निरांजनात ठेवा. आपण दिलेले कोणाच्या तरी उपयोगी पडले, हे पाहण्याचे समाधान त्याला कौतुकाच्या शब्दांपेक्षा जास्त काळ पुरेल.

या आठवड्यात एवढा संकल्प करूया: मूल काही करत असताना आपला हात पुढे गेला, तर क्षणभर थांबून मनाला विचारायचे, ही सुधारणा आजीसाठी आहे की माझ्यासाठी? उत्तर प्रामाणिक आले, तर तीही साधनाच आहे.