पाय नक्राच्या तोंडात, कमळ सोंडेत

माउली, कुडाळ तालुक्यातल्या वालावल गावी कधी गेलात, तर लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेऊन लगेच निघू नका. देवळाजवळच मोठा तलाव आहे, त्याच्या काठी घटकाभर बसा. देवळात नारायण आणि बाहेर पाणी. अशा जागी भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आठवल्यावाचून राहत नाही.

गजेंद्र कळपाचा राजा. सरोवरात उतरला आणि नक्राने पाय धरला. हजार वर्षे झुंज चालली, असे भागवत सांगते. त्याने आपले बळ लावले, बरोबरच्या हत्तींनी ओढून पाहिले. कोणाचेच चालले नाही. नक्र पडला पाण्यातला; त्याचे बळ वाढत गेले, गजेंद्राचे ओसरत गेले. तेव्हा सोंडेत कमळ उंच धरून त्याने नारायणाला हाक मारली आणि देव गरुडावर बसून धावत आला.

कथा गोड आहे. पण ती ऐकताना मनात एक शंका येते आणि ती बोलून दाखवायचा धीर होत नाही. गजेंद्रासाठी धावलेला देव इतरांसाठी का धावत नाही?

वालावलहून गोवा दूर नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडायला घेतली. 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश झुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेला गेला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्या भक्तांनी हाक मारली नसेल का? गरुड काही आला नाही. देवालाच भक्तांच्या आधाराने नदी ओलांडावी लागली.

आपल्या तुकोबांचे तरी काय झाले? 1630 च्या दुष्काळात पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी होती. म्हणून ज्याचे संकट टळले नाही, त्याची श्रद्धाच उणी होती, असे कोणाला कधी म्हणू नये. तुकोबांना तसे म्हणायची आपली जीभ रेटेल का?

मग हाक वाया गेली का? पुढे काय घडले ते पाहा. तुकोबांनी पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. लोकांकडच्या येण्याची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. भ्यालेला माणूस उरलेसुरले घट्ट धरून बसतो. तुकोबांनी तेही सोडले आणि ऋणकोंचे गळे मोकळे केले. गोव्यातल्या भक्तांना सगळे वाचवता येणार नव्हते. पण काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही, हे त्यांना कळले. नदीपलीकडे आदिलशाही मुलखात देवाला जागा मिळाली. साडेचारशे वर्षे उलटली, तिथे आजही दिवा लागतो.

आता पुन्हा तळ्याकाठी या. गजेंद्राने कमळ उचलले तेव्हा त्याचा पाय नक्राच्या तोंडातच होता. सुटका नंतर झाली, शरण जाणे आधी झाले. गरुड दिसल्यावर विश्वास ठेवायला भक्त कशाला हवा?

तुमचाही पाय आज कशात तरी अडकला असेल. दुखण्यात, कर्जात, कोर्टाच्या तारखांत. औषध घ्या, वकील गाठा, चार माणसांचे साहाय्य मागा. धोक्याचा बावटा लागला की दर्यावर्दी आधी होडी ओढून बांधतो आणि मग हात जोडतो. त्यात देवावरचा अविश्वास नाही. ‘हे संकट टाळ’ असे मागायलाही लाजू नका. लेकराने आईला नाही सांगायचे, तर कोणाला? फक्त त्यापुढे एवढे म्हणा, ‘विठ्ठला, टळले नाही तरी तुझे पाय सुटू देऊ नकोस, आणि माझ्या हातून कोणाचे वाईट होऊ देऊ नकोस.’

एवढे मागणे मनापासून आले, की समजा, सोंडेतले कमळ पाण्याबाहेर आहे.

राम कृष्ण हरी.