धुतलेले हात
(शास्त्रपाठ : २ शमुवेल ११ व १२, स्तोत्र ५१)



शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ' आपणांपैकी पुष्कळांनी महाविद्यालयात अभ्यासले असेल. वि. वा. शिरवाडकर यांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने ते मराठी रंगभूमीवर आणले. शूर सरदार मॅक्बेथ आपल्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजाचा झोपेत वध करतो आणि सिंहासन मिळवतो. हात धुतले की सारे संपले, असे त्या रात्री त्याच्या पत्नीला वाटते. पुढे तीच झोपेत चालत, हातावर नसलेला डाग पुन्हा पुन्हा चोळत राहते.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. चुलते रघुनाथराव यांना पेशवाईची आस होती. पुतण्यास 'धरावे' या हुकुमातील 'ध' चा 'मा' आनंदीबाईंनी केला, असे लोक सांगत आले. त्याचा निर्णायक पुरावा नाही. तथापि एका अक्षराने माणूस मरतो, हे सत्य लोकांनी त्या कथेत जपले. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही परंपरा तर प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. कृ. प्र. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे नाटक (१९०९) याच प्रसंगावर उभे आहे.

रघुनाथरावांना काय मिळाले? काही महिन्यांची पेशवाई. पुढे बारभाईंचा विरोध, इंग्रजांचा आश्रय, १७८२ चा सालबाईचा तह आणि १७८३ साली कोपरगावी मृत्यू. ज्यासाठी रक्त सांडले, ते हाती राहिले नाही.

पवित्र शास्त्रातही असाच एक राजा आणि असेच एक पत्र आहे. दावीदाने उरीयाच्या मरणाची आज्ञा लिहिली आणि ते पत्र उरीयाच्याच हाती यवाबाकडे धाडले. नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला, जसे रामशास्त्री उभे राहिले. येथवर कथा सारख्या आहेत. येथून पुढे वाटा फुटतात. आपण परमेश्वराविरुद्ध पाप केले, हे दावीदाने तेथेच मान्य केले. स्तोत्र ५१ मध्ये तो आपले हात आपण धुऊ पाहत नाही. तू मला धू, अशी देवाला विनवणी करतो. पिलातानेही लोकांसमोर हात धुतले. पण ते पाणी निवाडा बदलू शकले नाही.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत यासाठी दोन निराळे शब्द आढळतात. मत्तय यहूदाविषयी जो शब्द योजतो, त्यात केल्याची खंत आहे. दुसरा शब्द 'मेटानोइया'. त्यात मन पालटणे आहे. खंत माणसाला रात्रभर जागवते. पश्चात्ताप त्याला उठवून, ज्याचा अपराध केला त्याच्या दारी नेतो. मॅक्बेथच्या पत्नीजवळ खंत पुष्कळ होती. दार मात्र तिला सापडले नाही.

वाचकहो, हे लिहिताना मला स्वतःला वगळता येत नाही. वीस वर्षांपूर्वी भाषांतराच्या एका अहवालात मी 'आम्ही' हा शब्द खोडून 'मी' असे लिहिले. निम्मे काम एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे होते. मला बढती मिळाली; ते काही न बोलता काम सोडून गेले. मी कोणाचे रक्त सांडले नव्हते, म्हणून स्वतःला निर्दोष समजत राहिलो. परंतु ५१ वे स्तोत्र तपासावयास घेतले, की लेखणी अडे.

गेल्या हिवाळ्यात मी भिलाईजवळच्या जामुल येथे त्यांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा तेथील सिमेंट कारखान्यात आहे. मी सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या वर्षी मी फार दुखावलो होतो, भाऊ. आज तुम्ही आलात. या, प्रार्थना करू." परतल्यावर मी संस्थेला लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घेतली. गेलेली वर्षे मी त्यांना परत देऊ शकलो नाही. दावीदालाही क्षमा मिळाली, पण उरीया परत आला नाही. क्षमा म्हणजे परिणाम पुसून टाकणे नव्हे, हे आपण विसरू नये.

निघताना त्यांच्या मुलाने सांगितले, की पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीत लोखंडावर तरंगणारी मळी वेगळी काढतात आणि तीच दळून येथल्या सिमेंटात मिसळतात. भट्टीने टाकून दिलेल्या मळीने घरे उभी राहतात. पश्चात्तापी मनाचेही देव असेच काही करीत नसेल काय?

आपणही कोठे एखादे अक्षर बदलले आहे काय? मंडळीच्या हिशेबात, भावाच्या वाटणीत, एखाद्याविषयी दिलेल्या साक्षीत? मग हात धुऊ नका. आज प्रभूपुढे गुडघे टेका आणि उद्या त्या दारी जा. आपले हात धुण्यास ख्रिस्त समर्थ आहे.

हे प्रभो, आम्हांस केवळ खंत नको, पालटलेले मन दे. आमेन.