जुनेर आणि दान

घरात बाळ येणार म्हटलं की पुष्कळ मराठी घरांत अजूनही कपाटाच्या तळातून जुनी सुती लुगडी आणि धोतरं बाहेर निघतात. नव्या जिवाची दुपटी आणि गोधडी वापरून विरलेल्या कापडाचीच शिवायची असा रिवाज आहे, आणि पणजीच्या लुगड्याची गोधडी वाट्याला येणं हे बाळाचं भाग्य मानलं जातं. त्याच घरात ओटी भरायला मात्र कोराच खण लागतो. देवाला, सवाष्णीला, दारी आलेल्या पाहुण्याला वापरलेलं काही द्यायचं नाही, हा दंडकही तितकाच पक्का आहे. वरवर पाहता ही रूढींची नेहमीची विसंगती वाटते, पण तिच्या मुळाशी देण्याविषयीचा एक खरा प्रश्न आहे. जुनी वस्तू देणं हे दान कधी होतं आणि नुसती विल्हेवाट कधी? माझं उत्तर असं, की वस्तूच्या वयावर हे ठरत नाही. देणाऱ्याचं त्या वस्तूबरोबर आणखी काही गेलं का, आणि घेणारा त्याच्या बरोबरीचा धरला गेला का, या दोन गोष्टींवर ते ठरतं. काटकसर आणि औदार्य एकमेकांचे वैरी आहेत, असं आपण जे गृहीत धरतो तेही या दोन कसोट्या लावल्यावर टिकत नाही.

जुनं देण्याविरुद्धचा आपल्या परंपरेतला एक फार जुना आणि तिखट आक्षेप कठोपनिषदाच्या आरंभीच आहे. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो. दक्षिणेच्या गाई नेल्या जात असताना त्याचा मुलगा नचिकेता त्या पाहतो. शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या, पुन्हा विणार नाहीत अशा त्या गाई आहेत. असं दान करणारा आनंद नसलेल्या लोकांत जातो, हे त्या मुलाला कळतं. तो बापाशी गाईंवरून वाद घालत नाही. ‘मला कोणाला देणार?’ एवढंच विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि चिडलेला बाप त्याला मृत्यूला देऊन टाकतो. या प्रश्नातच आक्षेपाचा गाभा आहे. वाजश्रवसाने गोठा रिकामा केला, पण जे गेल्याने त्याला चुटपुट लागावी असं त्यात काहीच नव्हतं. उलट भाकड जनावरांच्या वैरणीचा खर्च वाचला. नचिकेता त्याला आठवण करून देतो, की सर्वस्वात मीही येतो. म्हणजे उपनिषदाचा रोख गाई म्हाताऱ्या असण्यापेक्षा देणारा कोरडा राहण्यावर आहे.

आता गोधडीकडे जवळून पाहू. लुगडी आधी स्वच्छ धुऊन वाळवतात, जमिनीवर थरावर थर पसरतात, हाताने सुरकुत्या काढतात आणि कडा हलू नयेत म्हणून कोपऱ्यांवर वजनं ठेवतात. जिथे कापड अगदीच विरलं असेल तिथे आतून ठिगळ जातं. मग जाड सुईने कडेपासून धावदोरा घालत, फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे यायचं. दोरा जास्त ओढला तर गोधडी चुरमडते, सैल सोडला तर आतले थर सरकून गोळा होतात. म्हणून हजारो टाक्यांवर सारखाच हात लागतो, आणि घरची कामं सांभाळून हे करायला कित्येक दुपारी जातात. इथे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे कापडाचं जुनेपण हाच त्याचा गुण ठरतो. खळ असलेलं कोरं कापड तान्ह्याच्या अंगाला बोचतं, शेकडो वेळा धुतलेलं लुगडं बोचत नाही. वाजश्रवसाच्या गाईचं वय घेणाऱ्याच्या तोट्याचं होतं, लुगड्याचं वय घेणाऱ्याच्या सोयीचं आहे. दुसरी गोष्ट अशी, की कापडावर वाचवलेला पैसा इथे वेळेच्या आणि श्रमाच्या रूपाने खर्ची पडतो. देणारी बाई पैशात काटकसर करते आणि स्वतःला मात्र सढळ हाताने देते.

हा हिशेब मांडला की देण्याच्या व्यवहारातला बराच गोंधळ सुटतो. वाजश्रवस पैसाही वाचवतो आणि स्वतःलाही. आपल्या हळदीकुंकवांतून फिरणारे ब्लाऊजपीस त्याच जातीचे आहेत. एका घरच्या ओटीतून आलेला तुकडा दुसऱ्या घरच्या ओटीत जातो, कित्येक घरं फिरतो आणि कधीच शिवला जात नाही, कारण तो शिवण्यासाठी निवडलेलाच नसतो. कापड कोरं असूनही हे देणं भाकड आहे. म्हणजे कोरेपणाचा दंडक अक्षरशः पाळूनही त्याचा हेतू हरवू शकतो. मोठ्या प्रमाणावर हेच भूदानात दिसलं. 1951 साली पोचमपल्लीत विनोबांनी ती चळवळ सुरू केली. दान म्हणजे आपल्याकडे असलेल्याचं नीट वाटप, हा शंकराचार्यांच्या भाष्यातला अर्थ ते आवर्जून सांगत. अनेकांनी खरोखर कसदार जमीन दिली, पण मिळालेल्यातली बरीचशी जमीन नापीक किंवा वादातली निघाली. उलट टोकाचं उदाहरण गांधीजींचं. 1947 मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं वस्त्र पाठवलं. पैशात त्याची किंमत जवळजवळ शून्य, आणि घेणारीला जगात कशाचीच वाण नव्हती. राजघराण्यातल्या राणी मेरी यांना ती लंगोटी वाटली आणि त्यांना राग आला, असं सांगतात. देणाऱ्याचा हात घेणाऱ्याला दिसेलच, याची हमी नसते, एवढं त्यावरून म्हणता येईल. देणं खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

इथवरच्या विचाराला पहिली हरकत सर्वांत गंभीर आहे. या देशात जुनं देणं हे माणसाला खाली ठेवण्याचं साधन होतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं सांगितलं आहे, आणि चांडाळांनी प्रेतांची वस्त्रं वापरावीत असंही. मार्च 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडा असं सांगितलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथेच स्त्रियांसमोर बोलताना पेहराव बदला, नीटनेटक्या राहा असा आग्रह धरला. ज्यांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं नेसलं, त्यांच्यापुढे जुनेराचं कौतुक करायला तोंड कुठून आणायचं? ही हरकत मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच श्रमाची एकच कसोटी पुरेशी नाही असं म्हणतो. लुगडं धुऊन, सांधून, ठिगळ लावून दिलं तरी ‘तुझ्या लायकीचं एवढंच’ असा भाव त्यात असेल तर ते दान ठरत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातही अवज्ञेने दिलेल्याची गणना तामस दानात केली आहे. जे आपण आपल्या लेकराच्या अंगावर घालणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला देऊ नये, आणि घेणाऱ्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक असावी, एवढं पाळलं तरच जुनं वस्त्र उतरणीच्या इतिहासापासून वेगळं होतं. नातवाला मिळालेली गोधडी आणि वाड्याच्या मागच्या दारी टाकलेलं धोतर यांच्या कापडात फरक नसेल, पण एकाने घेणारा आपल्यात येतो आणि दुसऱ्याने तो कायमचा बाहेर राहतो.

दुसरी हरकत अशी, की हे सगळं टंचाईचं तत्त्वज्ञान आहे. बायांनी गोधड्या शिवल्या त्या ऊब विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून. त्यांच्या फुकट श्रमाला आता अध्यात्माचा मुलामा देणं सोपं आहे. यात तथ्य आहे. नाइलाजाने केलेल्या काटकसरीला गुण म्हणणं ही क्रूर थट्टा होते. पण ही अडचण परंपरेतल्या जाणत्यांनी आधीच ओळखली होती. बुद्धाच्या संघात उकिरड्यावर नि स्मशानात टाकलेल्या चिंध्या सांधून केलेल्या चीवराला, म्हणजे पांसुकूलाला, मान होता. तरी वैद्य जीवकाने उंची वस्त्र आणून गृहस्थांनी दिलेली चीवरंही भिक्षूंना घेऊ द्यावीत अशी विनंती केली, तेव्हा बुद्धाने ती मान्य केली. पुढे संघातल्याच देवदत्ताने मागणी केली, की सर्व भिक्षूंवर जन्मभर चिंध्यांचीच सक्ती असावी. बुद्धाने ती नाकारली. ज्याला हवं त्याने पांसुकूल नेसावं, ज्याला हवं त्याने गृहस्थाचं वस्त्र घ्यावं, असं त्याचं उत्तर होतं. साधेपणाचं मोल त्याच्या ऐच्छिकपणात आहे, ही गोष्ट त्या उत्तरात आहे. म्हणून घरातल्या एकाच व्यक्तीने सगळं शिवायचं, सांधायचं, उरलंसुरलं रांधायचं आणि बाकीच्यांनी त्याचं कौतुक करायचं, ही रीत या लेखातल्या तत्त्वाला धरून नाही. सुई पुरुषाच्या हातीही शोभते. संत नामदेव जातीने शिंपीच होते.

तिसरी हरकत वैराग्याच्या बाजूची आहे. हाताने केलेल्या वस्तूत जीव अडकतो. 2012 साली नॉर्टन, मोकॉन आणि एरियली या संशोधकांनी दाखवलं, की माणसं स्वतः जोडलेल्या वस्तूचं मोल अवाच्या सव्वा करतात. शिवाय ‘लागेल कधीतरी’ म्हणत डबे, दोऱ्या, चिंध्या साठवणारा माणूस अपरिग्रही कसा? आणि हाताने केलेली भेट घेणाऱ्यावर ओझं टाकते, ती टाकूनही देता येत नाही. या हरकतीला उत्तर देताना वस्तू वापरली जाते का, हे पाहायला हवं. चुल्लवग्ग या बौद्ध ग्रंथातली एक कथा या बाबतीत फार नेमकी आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या स्त्रियांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दिली. एवढ्या वस्त्रांचं हा भिक्षू करणार काय, दुकान मांडणार का, असा राजाला संशय आला आणि त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली त्यांना ही देऊ. मग विरलेल्यांचं काय? त्यांचे पलंगपोस होतील. त्या पलंगपोसांचे पुढे गादीचे अभ्रे, अभ्र्यांची जमिनीवरची अंथरुणं, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी, आणि फडकी संपली की कुटून चिखलात कालवून त्यांनी जमीन सारवायची. राजाने आणखी पाचशे वस्त्रं दिली. साठवणूक आणि जपणूक यांतली सीमा इथे स्पष्ट दिसते. साठवणाऱ्याकडे वस्तू थांबते, जपणाऱ्याकडे ती एका कामातून दुसऱ्या कामात जाते आणि शेवटी संपते.

संपण्याची ही तयारी आपल्या हस्तकलेत पूर्वीपासून आहे. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडतात आणि बोटांनी हलकेच फिरवत राहतात. घाई केली तर काटा येत नाही, म्हणून हे काम दिवस दिवस चालतं. त्या दाण्यांचे हार, बाजूबंद, मुकुट ओवायचे आणि नव्या सुनेच्या किंवा बोरन्हाण असलेल्या बाळाच्या अंगावर चढवायचे, तेही एका संध्याकाळपुरते. शाडूचा गणपती दीड दिवसाने पाण्यात जातो, उंबऱ्यापुढची रांगोळी दुसऱ्या सकाळी पुसली जाते. ज्या हाताने केलं त्याच हाताने सोडायचं, हा या कलांचा नियमच आहे. हाताने केलेल्या वस्तूत मोह शिरतो हे खरं, पण त्या मोहाला जायची वाटही याच कलांनी ठेवली आहे. भेट देणाऱ्यानेही हेच लक्षात ठेवायला हवं. गोधडी काचेच्या कपाटात जपून ठेवावी अशी अपेक्षा असेल तर ती आपण दिलीच नाही, दुसऱ्याच्या घरात ठेवायला टाकली. ती ओली व्हावी, फाटावी, पुन्हा सांधली जावी, यासाठीच ती दिलेली असते.

मग प्रश्न उरतो, ज्याला शिवता येत नाही त्याने काय करावं? घरची लुगडी देऊन मजुरीने गोधडी शिवून घेण्याची पद्धत जुनीच आहे, आणि त्या बाईला योग्य दाम मिळत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. लुगडं निवडणं, कोणासाठी हे ठरवणं, तिच्या श्रमाचं मोल घासाघीस न करता चुकवणं, यातही देणाऱ्याचा वाटा आहे, फक्त तो लहान आहे हे त्याने स्वतःशी कबूल करावं. आज या विचाराचा सर्वांत जास्त उपयोग आपल्या गावोगावच्या ‘माणुसकीच्या भिंतीं’वर आहे. तिथे कपडे आणून टाकणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो, पण बटण तुटलेला सदरा आणि चेन बिघडलेली पँट टांगून आपण वाजश्रवसाच्याच रांगेत उभे राहतो. तोच सदरा धुऊन, बटण लावून, इस्त्री करून ठेवायला अर्धा तास पुरे. त्या अर्ध्या तासात कापड तेच राहतं, पण तो सदरा अंगात घालणारा माणूस आपल्या मनात एकदा तरी उभा राहतो, आणि त्याला हे आवडेल का, असा विचार आपल्याला करावा लागतो. एवढा विचार ज्या देण्यात नाही, ते कितीही महाग आणि कितीही कोरं असलं, तरी त्याला दान म्हणायची घाई करू नये.