सरवा आणि घर



परका मनुष्य एखाद्या मुलखांत कां राहतो आणि कां निघून जातो? बवाजाच्या शेतांतील सरव्यानें रूथचें पोट भरलें. परंतु बेथलेहेमांत ती कायमची राहिली, ती घर मिळालें म्हणून.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यांतील वळिवडें पाहा. सोव्हिएत हद्दपारींतून सुटलेल्या सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांस १९४३ सालापासून तेथें आसरा मिळाला. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर होतें. तरी छावणी ती छावणीच. १९४८ पर्यंत ती रिती झाली. मायदेशाचा पूर्वभाग सोव्हिएत अमलाखालीं गेल्यामुळें पुष्कळजण इंग्लंडादि परक्या देशांसच गेले. राहिल्या त्या येथल्या घरांत सुना झालेल्या मोजक्या स्त्रिया.

आज बीडकडील ऊसतोडकरी आपल्या शिवारांत कोप्या घालतात व हंगाम सरतांच जातात. गांव त्यांस ओढतें, हें योग्यच. आपलींही मुलें मुंबईहून नाताळास घरींच येतात. पण त्यांपैकीं एकाचें तरी नांव आम्हांस ठाऊक आहे काय? आम्हीं मजुरी दिली, तो सरवाच. ओसरी दिली नाहीं, हें आम्ही कबूल करितों.

येत्या रविवारीं उपासनेनंतर त्यांच्या कोप्यांपर्यंत जाऊं या व त्यांस घरीं बोलावूं या. राहणें न राहणें मग त्यांचें. आमेन.