पगारी सेवा परमार्थ होईल काय ?

भिंगार येथे कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस गाठले. म्हणाले, "महाराज, आमची सून दवाखान्यात नर्स आहे. तिच्या पाळ्यांपायी काकडा नाही, एकादशीचे कीर्तन नाही, वारी तर चार वर्षांत घडली नाही. लोक म्हणतात, रुग्णसेवा हाच तिचा परमार्थ. पण ती तर पगार घेते ! मग तो परमार्थ कसा ?"

प्रश्न रोखठोक आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे.

काही वर्षांमागे ह्याच भिंगारात एकादशीचे सायंकाळचे कीर्तन होते. निरूपण रंगात आले आणि सातच्या सुमारास एक बाई पिशवी सावरीत उठल्या. आम्ही गादीवरून बोलून गेलो, "प्रपंचाचे घड्याळ वाजले की परमार्थाला उठावेच लागते !" मंडळी हसली. बाई खाली मान घालून निघून गेल्या. त्या हशाचे आम्हांस तेव्हा समाधानच वाटले.

पुढे आमचे पोटाचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आम्ही कण्हत होतो. अंगाखालचे वस्त्र बदलायचे होते, आणि लाजेने हाक मारवत नव्हती. न बोलावता एक परिचारिका आली, आईने लेकराचे करावे तसे सगळे केले, उशी सारखी केली. दिव्याच्या उजेडात तोंड पाहिले, तो त्याच बाई ! आम्ही हात जोडले. म्हटले, "ताई, त्या दिवशी चुकलो."

त्या म्हणाल्या, "त्यात काय महाराज ! पण रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, माळीवाड्याला उतरून दुसरी बघावी लागते. मी उशिरा पोचले की आधीच्या सिस्टरला घरी जाता येत नाही. वॉर्ड सोडून जायचा कसा ? तिचं पोर लहान आहे."

भिंगार ते नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अंतर ते काय ! मध्ये छावणी आणि भुईकोट किल्ला, की आले शहर. पण त्या एवढ्याशा वाटेवर दोन माणसांचा जीव टांगलेला असतो, एक खाटेवरचा आणि एक खाटेशेजारी उभा असलेला, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

कोणी म्हणेल, तिची ही रोजची वाट हीच वारी. आम्ही तसे म्हणणार नाही. वारीत संगत असते, टाळमृदंग असतो, गावोगावी पाणी घेऊन लोक उभे असतात. हिच्या वाटेवर ह्यातले काहीच नाही. परंतु दुसरा दृष्टांत अगदी जुळतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पुढचा विणेकरी येऊन पाया पडून गळ्यात घेईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. पुढचा वेळेवर आला नाही तर पहिल्याचे पाय भरून येतात, तरी तो उभाच. दवाखान्यातील पाळी ही अशीच वीणा आहे. मग त्या दिवशी त्या बाई परमार्थातून उठल्या नव्हत्या, पहाऱ्याला निघाल्या होत्या.

आता पगाराची शंका. सावतोबांनी मळा पिकविला तो भाजी विकण्यासाठीच ना ? गोरोबाकाकांनी मडकी काय फुकट वाटली ? मोल घेतल्याने त्यांची भक्ती उणी झाली नाही. उलट कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये ही संतांची आज्ञा आम्ही कीर्तनकार किती पाळतो, ते ज्याचे त्याने पाहावे ! गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी स्वकर्मानेच ईश्वराची पूजा सांगितली. ज्ञानोबारायांनी तोच अर्थ आपल्याच जिल्ह्यात, नेवाशास, शके १२१२ मध्ये मराठीत उकलून ठेवला. त्यात विनामोलाच्या कर्माची अट नाही, आसक्ती सोडण्याची आहे.

चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. परिचारकाचे गुणही चार : उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. ज्ञान, दक्षता आणि शुचिता शिकविता येतात, त्यांचे वेतनही ठरविता येते. अनुरागाचे वेतन कोण ठरविणार ? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यावर १९७३ साली रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला व त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. २०१५ साली त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांची निगा राखली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, वीणा खाली ठेवली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या सेवेची प्रशंसा केली. पगार त्या सर्वजणी घेतच होत्या. परंतु हे पगारात बसणारे काम आहे काय ?

कोणी ताहराबादच्या महिपतीबोवांचे उदाहरण देतील. पूजेत असता सरकारी कामाचे बोलावणे आले, तेव्हा ते काम उरकून त्यांनी लेखणी कायमची खाली ठेवली, असे सांगतात. खरे आहे. पण दप्तर थांबू शकते, ताप थांबत नाही. जे काम सोडल्याने दुसऱ्याचा प्राण जाईल, ते सोडण्यात वैराग्य नाही.

मात्र पांढरा पोशाख घातला की परमार्थ झाला, असेही नव्हे. गरीब रोग्यावर खेकसणे, हाक ऐकून न ऐकल्यासारखे करणे, असे असेल तर ती निव्वळ नोकरी. तसेच "तुमची तर सेवा आहे, मग वेतनासाठी भांडता कशाला ?" असे म्हणणाराही पापाचा धनी आहे. सेवा हा शब्द तिने स्वतःशी म्हणावा, आपण तिचे देणे बुडविण्यासाठी वापरू नये.

शेवटी त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले : "अहो, तिची वारी घडत नाही ह्याचा हिशेब पांडुरंग ठेवील. तुमचा हिशेब निराळा आहे. रात्रपाळीला निघताना तिच्यासोबत रिक्षापर्यंत कोण जातो ? सकाळी ती येते तेव्हा चूल तिचीच वाट पाहत असते काय ? ती निजली असेल तेव्हा काकड्याची घंटा जरा हळू वाजवा. देव बहिरा नाही."

गृहस्थ काही वेळ गप्प उभे राहिले. मग पायांत चपला घालीत म्हणाले, "आज तिची रात्रपाळीच आहे. निघतो महाराज." आणि लगबगीने गेले. ते प्रसादालाही थांबले नाहीत, आणि ह्या वेळी आम्ही काही बोललो नाही.

रामकृष्णहरि.