मुंगीकडे जाण्याची वाट

मननासाठी शास्त्रभाग : नीतिसूत्रे ६:६-८; ३०:२४-२५



नीतिसूत्रांतील मुंगीचा उतारा आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकला आहे, आणि बहुधा रागावलेल्या स्वरात ऐकला आहे. उपदेशक आळशी माणसावर इतका वेळ खर्च करतात की मुंगी बिचारी व्यासपीठाच्या पायरीशीच राहून जाते. मूळ हिब्रू वचनात आळशाला तीन गोष्टी सांगितल्या आहेत : जाणे, पाहणे आणि शहाणे होणे. शहाणपणाचा क्रमांक तिसरा आहे. मधले पाहणे वगळून आपण थेट शहाणपण वाटू लागतो.

झाशीतील एका मराठी ख्रिस्ती घरात बारा वर्षांच्या मुलाने गेल्या पावसाळ्यात विचारले, "मुंग्या पाळता येतील का?" त्याच्या आजींनी लगेच दुसरा प्रश्न उभा केला, "देवाचा मोकळा जीव नळीत कोंडणे हे पाप नव्हे का?" दोन्ही प्रश्न विचारात घेण्याजोगे आहेत.

आधी पाहण्याविषयी. या वचनावर एके काळी मोठा आक्षेप होता. युरोपातील निसर्गाभ्यासकांनी आपल्या देशातील मुंग्या तपासल्या. त्या हिवाळ्यात सुस्त पडून राहत, धान्य साठवत नसत. त्यावरून त्यांनी ठरवले की प्राचीन लोकांनी मुंग्यांचे पांढरे कोश पाहिले आणि त्यांनाच दाणे समजले. भाष्यकारही हा आक्षेप खाली मान घालून सोसत राहिले. त्याला उत्तर मिळाले ते आपल्या पुण्यात. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना १८२९ च्या जूनमध्ये पुण्याच्या कवायतीच्या मैदानालगत पडीक जमिनीवर गवताच्या बियांच्या लहान लहान ढिगाऱ्या दिसल्या. त्या वीसाहून अधिक होत्या आणि प्रत्येक सुमारे मूठभर होती. शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून बी वर आणीत होत्या. पावसाने भिजलेले धान्य त्या पहिल्या उन्हात वाळवीत असाव्यात, असे साइक्स यांनी ताडले. पुढे त्यांनी या मुंगीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला 'दूरदर्शी' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज या क्षयाने खंगलेल्या तरुण इंग्रजाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर वारुळे उघडून धान्याची कोठारे दाखवली. त्याचे पुस्तक १८७३ साली आले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. शलमोनाच्या देशातही अशा दाणे वेचणाऱ्या मुंग्या आहेत. चूक वचनात नव्हती. पाहणारे दुसऱ्याच देशातील मुंगी पाहत होते.

आता आजींचा प्रश्न. आपल्या भाषेत गाय पाळतात, आज्ञा पाळतात आणि शब्दही पाळतात. हिब्रूतील 'शामर' हा शब्दही असाच आहे. एदेन बाग राखणे, लाबानाची मेंढरे राखणे आणि देवाच्या आज्ञा पाळणे या तिन्हींसाठी तो येतो. ज्या पाळण्यात राखणे नाही, ते निव्वळ कोंडणे होय, आणि तेथे आजींचेच म्हणणे खरे ठरेल. राखण्याची तयारी असेल तर मुलाला अडवू नये. मात्र ही तयारी मोठी हवी. लंडनचे बँकर व संसद सदस्य सर जॉन लबॉक यांनी काचेच्या घरट्यांत मुंग्या पाळून १८८२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्याजवळची एक राणी १८७४ पासून १८८८ पर्यंत जगली. बारा वर्षांच्या मुलाने आज घेतलेली राणी त्याच्या महाविद्यालयीन दिवसांतही जिवंत असू शकते.

आरंभ राणीपासूनच करावा. वारूळ खणून मुंग्या आणू नयेत. त्यात वसाहतीचा नाश होतो, आणि राणी बहुधा हाती लागतच नाही. पहिले पाऊस झाले की पंखवाल्या माद्या व नर बाहेर पडतात. 'मुंगीला पंख फुटले' हे आपण विनाशाचे लक्षण म्हणून बोलतो, आणि नरांपुरते ते खरेही आहे. ते लवकरच मरतात. फलित झालेली मादी मात्र जमिनीवर उतरून स्वतःचे पंख स्वतःच गाळते आणि एकटीच बीळ शोधत फिरते. दिव्याभोवती जमणारे सर्वच किडे मुंग्या नसतात, कित्येकदा ती वाळवी असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि तिला कंबर नसते. मुंगीची कंबर बारीक असते व पुढचे पंख मागच्यांहून लांब असतात. नवशिक्याने आपल्या अंगणातील मोठा काळा मुंगळा निवडावा. (मराठीने त्याला पुल्लिंगी केले आहे, पण काम करणारे सारे मुंगळे माद्याच असतात. हिब्रूत मुंगी स्त्रीलिंगी आहे. तो व्याकरणाचा भाग आहे, त्यावरून शलमोनाच्या प्राणिशास्त्राविषयी सिद्धांत मांडू नये.)

काचेची एक परीक्षानळी घ्यावी. तिच्यात तिसरा हिस्सा पाणी भरून, पाण्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा आत सरकवावा. मग राणीला आत सोडून तोंडाशी कोरड्या कापसाचा दुसरा बोळा बसवावा. त्यातून हवा जाते. नळी काळ्या कापडात गुंडाळून थंड, न हलणाऱ्या जागी ठेवावी. उन्हात ती थोड्याच वेळात भट्टी होते, आणि झाशीचे ऊन काय असते हे येथील लोकांना सांगायला नको. अन्न काहीही देऊ नये. मुलाला येथेच सर्वात कठीण जाते. आठवड्यातून एकदा, क्षणभर, एवढेच पाहावे. वारंवार हलवलेली राणी आपली अंडी स्वतःच खाऊन टाकते.

बंद अंधारात ती उपाशी राहून काय करते, ते समजून घेण्यासारखे आहे. उड्डाणासाठी दिलेले स्नायू आता तिला नको असतात. ते तिच्या देहातच विरघळतात, आणि त्यांच्यावर ती पहिली पिल्ले पोसते. महिना-दीड महिन्याने, कधी त्याहून उशिरा, पहिल्या कामकरी मुंग्या निघतात. त्या आकाराने लहान असतात, कारण आईजवळ तेवढेच होते.

झाशीत 'राणी' म्हटले की एकच मुद्रा डोळ्यांपुढे येते : घोडा, तलवार, १८५८ साल. येथील मुलाला वाटते की वारुळातील राणीही हुकूम देत असेल. ती हुकूम देत नाही. ती अंडी घालते. कोणी दाणे आणावेत, कोणी माती काढावी हे मुंग्या वासाच्या खुणांवरून आणि एकमेकींच्या स्पर्शावरून ठरवतात. नीतिसूत्रकाराने तिला न्यायाधीश, अधिकारी वा शास्ता नाही असे तीन शब्द एकामागून एक वापरून सांगितले आहे, आणि भाषांतर करताना हे तिन्ही शब्द मला फार जपावेसे वाटतात. कारण आपण हे वचन नेमके त्याला ऐकवतो ज्याच्या डोक्यावर मुकादम उभा आहे. शास्त्रातल्या मुंगीवर मुकादमच नाही.

मुंग्या निघाल्या की साखरपाण्याचा वा मधाचा एक थेंब आणि अधूनमधून मेलेल्या माशीचा तुकडा द्यावा. कीटकनाशकाने मेलेला किडा चालत नाही. दाणे वेचणारी जात असेल तर राळा, बाजरीचा चुरा, गवताचे बी द्यावे. नळी गच्च भरल्याखेरीज मोठे घर देऊ नये. मोकळ्या कोपऱ्यांत त्या कचरा साठवतात आणि बुरशी धरते. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिसचे घरटे करता येते, ते ओल धरून ठेवते. उघड्या भागाच्या कडेला आतून तेलाचा पातळ हात फिरवला की मुंग्या वर चढत नाहीत.

वसाहत वाढली की मुलगा एक दिवस तक्रार घेऊन येईल : "यातल्या कितीतरी नुसत्याच उभ्या आहेत!" त्याचे निरीक्षण बरोबर आहे. अॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका जातीच्या वसाहतींतील सर्वात कष्टाळू मुंग्या काढून घेतल्या, तेव्हा आधी रिकाम्या उभ्या असलेल्यांनी त्यांची जागा घेतली. आपल्या प्रवचनांतील अहोरात्र धावणारी मुंगी शास्त्रात शोधून पाहा. तेथे उन्हाळा आहे, कापणी आहे, त्या त्या वेळची तजवीज आहे. रात्रंदिवस राबण्याचा उल्लेख नाही.

आजींसाठी एवढे ठरवून घ्यावे. राणी एकच घ्यावी, तीही आपल्याच परिसरातली. दुसऱ्या प्रांतातून विकत मागवलेली मुंगी निसटली तर स्थानिक मुंग्यांचे नुकसान करू शकते. सांभाळणे होईनासे झाले तर पावसाळ्यात, जिथून आणली तिथेच सोडावी. झाशीत पाऊस साधारण जूनअखेरीस येतो. नळी, कापूस आणि काळे कापड त्याआधी तयार असावे, आणि मुलासोबत संध्याकाळी अंगणात बसायला घरातले कोणी मोठे माणूस मोकळे असावे. आजी असल्या तर उत्तमच.